कपाटातले मटार

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी साडी ठेवायला मोठं कपाट उघडलं, तर आत सासूबाई बसलेल्या. मांडीवर ताट, ताटात मटार.

"दार लाव गं, हे येतील," त्या म्हणाल्या. "रोज संध्याकाळी घरातली कपाटं उघडून बघतात. कुणी सापडलं नाही तर जेवत नाहीत. म्हणून मी बसते. तेवढ्यात मटार सोलून होतात."

मला हसू फुटलं. सासरे अग्निशमन दलातून निवृत्त झालेत, एवढंच मला ठाऊक होतं.

"एका आगीत दोन पोरं घाबरून कपाटात लपली. यांनी सगळं घर धुंडाळलं, कपाट तेवढं राहिलं," शेंग सोलत त्या म्हणाल्या. "मी सापडले की चार घास कसेबसे खातात. पण रोज विचारतात, दुसरं कुठाय?"

बाहेर चपला वाजल्या. मी पदर खोचून आत शिरले. सासूबाईंनी सरकून जागा केली आणि मूठभर शेंगा माझ्या ओंजळीत टाकल्या.

दार उघडलं. सासऱ्यांनी आम्हाला बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं.

"दोन," ते म्हणाले आणि तिथेच फरशीवर बसले. "पानं घ्या. भूक लागलीय."