जावईबापूंची पंगत

"आज काय काम केलंस?" पंगतीत येऊन बसलेल्या म्हाताऱ्या कोंडीरामला आण्णासाहेबांनी विचारलं.

"काय बी न्हाय. भूक लागली, म्हून आलो."

कोंडीरामच्या घरी कालपासून चूल पेटली नव्हती. पण आण्णासाहेब देवीच्या अन्नछत्राचे अध्यक्ष होते आणि नियम त्यांनी स्वतः केला होता: आधी तासभर काम, मग ताट. फुकटच्या अन्नानं माणूस आळशी होतो, याची त्यांना फार काळजी. वडिलांनी ठेवलेल्या जमिनीच्या खंडावर जगताना या विषयाचा विचार करायला त्यांना भरपूर वेळ मिळाला होता. त्यांनी कोंडीरामला उठायची खूण केली.

वाढायला आलेल्या कमलबाईंनी आमटीची बादली खाली ठेवली. ऊन, पाऊस, माती देवीआईनं सगळ्या लेकरांना काही न विचारता दिली, असं सकाळच्या भाषणात आण्णासाहेबच म्हणाले होते. मग त्याच मातीतल्या भाकरीला अट कुणी घातली, असं कमलबाईंनी विचारलं. भाषण वेगळं आणि व्यवहार वेगळा, हे आण्णासाहेबांनी त्यांना न रागावता समजावून सांगितलं.

कमलबाईंनी पंगतीच्या वरच्या टोकाला पाहिलं. धोंड्याचा महिना होता. आण्णासाहेबांचे जावई रुद्रेशराव पुण्याहून वाण घ्यायला आले होते. पाट, रांगोळी, चांदीचं ताट, त्यात तुपात बुडालेले धोंडे.

"आण्णासाहेब, ह्यांनी कंचं काम केलंय?"

"अहो, जावई आहेत ते. जावयाला कुणी काम विचारतं का? नात्यानंच हक्क आहे त्यांचा."

"तुमच्या लेकीच्या नवऱ्याला हक्क हाय. अन् देवीच्या लेकराला न्हाय व्हय?"

पंगत खायची थांबली. रुद्रेशराव सरळ मनाचे. ते पाटावरून उठले आणि बाह्या सारू लागले.

"मामा, भांडी कुठं घासायची?"

खांबाजवळ उभी असलेली लेक राजनंदिनी पदर खोचून नवऱ्याच्या मागं निघाली.

आण्णासाहेबांना उभ्या उभ्या साक्षात्कार झाला. आईच्या दारात आजपासून कुणालाही काही विचारायचं नाही, असं त्यांनी जाहीर केलं. अन्नावर जन्मानंच सगळ्यांचा हक्क असतो, हे आपण पहिल्यापासून सांगत आलो आहोत, असंही ते म्हणाले. गावानं त्यांच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं.

कोंडीरामच्या पुढ्यात ताट आलं. पहिल्या घासाआधी त्यानं हात जोडले. देवी समोर होती. हात मात्र जावयाकडं वळले होते.