बुटात अडकलेला बाप

उजवा बूट टाचेपाशी अडकला होता आणि डावा तर जागचा हलत नव्हता. भगवानराव ओट्यावर बसून दातओठ खात ते काढायला ओढत होते, आणि शेगावचे पाहुणे गल्लीत वळले होते.

"राहू द्या आता," गोजरबाई दारातून म्हणाल्या. "पाय हायेत का वखराच्या रुंद पासा! असल्या पायाले कोनी मोटारसायकलीचे बूट घेते काय?"

भगवानरावांनी बायकोकडे न पाहता पुन्हा टाच ओढली.

मराठी मुलखाचं नवं राज्य होऊन पाचेक वर्षं झाली होती, पण पिंपळगावात मोटारसायकल आली ती भगवानरावांचीच पहिली. मोटारसायकल आली म्हटल्यावर नडगीपर्यंतचे काळे बूट आलेच पाहिजेत, असं त्यांच्या मनानं घेतलं. खामगावच्या दुकानात त्यांच्या पायाला होईल असा जोडच नव्हता. अर्धं आयुष्य काळ्या मातीत अनवाणी चाललेले पाय ते, पंजा सुपासारखा पसरलेला. दुकानदार म्हणाला, "लांबीले बरोबर हायेत. ओले करून घाला. कातडं पायाचं ऐकते."

भगवानरावांनी रात्री बुटात हरभरे ठासून भरले आणि वरून पाणी ओतलं. हरभरे फुगले, तसे बूटही फुगले. सकाळी त्यांची मुलगी कोकिळा बुटात डोकावून म्हणाली, "आबा, याच्या घुगऱ्या पाहुन्यायले देऊ का बैलायले?"

"आज तरी तोंडाले कुलूप लाव!" ते ओरडले. आज कोकिळेलाच पाहायला येणार होते. "मान खाली ठेव. हासू तर अजिबात नको. लोक काय म्हनतीन?"

मग त्यांनी ते ओले बूट चढवले, मोटारसायकलीला लाथ मारली आणि गावाला दिसेल असा वेशीपर्यंत एक फेरा मारला. फेरा झकास झाला. पण चैताचं ऊन कडक. कातडं वाळलं आणि आवळलं, आतले पाय उकडून सुजले. बूट काही पायाचं ऐकेनात.

पाहुणे आले. वामनरावांचं शेगावात भांड्यांचं दुकान होतं. माणूस नाकासमोर चालणारा, पण कडक. मुलासाठी त्यांनी बऱ्याच मुली पाहिल्या होत्या आणि एकही पसंत केली नव्हती. त्यांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं. मुलगा माणिक त्यांच्या मागे खाली मान घालून आला. भगवानरावांनी उभं राहून रामराम घातला, दोघांना आत गादीवर बसवलं, आणि स्वतः परत ओट्यावर टेकले. बैठकीच्या कोपऱ्यातच देव्हारा होता. पायात काही घालून त्या उंबऱ्याच्या आत आजवर कोणी गेलं नव्हतं.

"भगवानराव, आत या ना," वामनराव म्हणाले.

"बसा, बसा तुमी. अथीसा ओट्यावर हवा बरी हाय."

हवा कसली! ओट्यावर ऊन सरळ तोंडावर येत होतं. भगवानरावांच्या कपाळावरून घाम गळत होता. वामनरावांच्या भुवया आक्रसल्या. चहा आला, तसाच निवला. त्यांनी पुन्हा बोलावलं. भगवानरावांनी पुन्हा हवेचं कौतुक केलं.

वामनरावांनी टोपी उचलली.

"माणिक, चाल. मुलीच्या बापाले आपल्या जोडीनं बसाची लाज वाटून राह्यली, तं सोयरीक कायची कराची?"

परक्या पुरुषांपुढे गोजरबाई कधी बोलत नसत. पण मुलीचं जमतं की मोडतं ते या घटकेवर आलं होतं. त्यांनी पदर पुढे ओढला आणि आतूनच ओरडल्या, "तसं नाही हो भाऊ! बूट निंगत नाहीत त्याइचे!"



वामनराव ओट्यावर आले. त्यांनी बूट पाहिले, मग बुटातला माणूस पाहिला. भगवानरावांनी मान खाली घातली. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट शेगावभर होणार, आणि हसं आपलं झालं तरी भोगावं लागणार कोकिळेला, एवढंच त्यांच्या मनात आलं.

वामनरावांनी टोपी मुलाच्या हाती दिली. धोतराचा सोगा खोवला, अंगणातल्या धुळीत बैठक मारली आणि उजव्या बुटाची टाच धरली.

"अहो, हे काय! मुलाचे बाप तुमी—"

"गप बसा. कोनीतरी मांगून धरा याइले."

सगळ्यात जवळ कोकिळा होती, दारात कपांचा ट्रे घेऊन. तिनं ट्रे खाली ठेवला आणि बापाच्या काखेत हात घातले. वामनरावांनी ओढलं. काही नाही. पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदा बूट एकदम सुटला. वामनराव बूट छातीशी घेऊन थेट मोटारसायकलीच्या चाकापर्यंत उताणे गेले, भगवानराव कोकिळेच्या अंगावर पडले, आणि तो लालबुंद पंजा वर आभाळाकडे पाचही बोटं फाकवून उभा राहिला.

कोकिळा हसली. साधं नव्हे, पोट धरून, शेजारपाजारी ऐकू जाईल असं हसली. भगवानरावांनी कोपर मारलं, डोळे वटारले. तिला काही थांबता येईना.

वामनराव उठून बसले. अंगावरची धूळ झटकत त्यांनी मुलीकडे पाहिलं, मग मुलाकडे. माणिकनं बापाची टोपी तोंडात कोंबली होती आणि त्याचे खांदे गदगदत होते.

वामनराव बसल्या जागेवरून पुढे सरकले आणि त्यांनी दुसरा बूट दोन्ही हातांनी गच्च धरला. पण ओढला नाही.

"वामनराव, लेकरू हाय, चुकलं तिचं," भगवानराव हात जोडून म्हणाले. "मी पाय धरतो तुमचे."

"पाय तं म्या धरले तुमचे," वामनराव म्हणाले, आणि त्यांच्या मिशा पहिल्यांदाच हलल्या. "आता पोरगी देतो म्हना, नाही तं हा दुसरा बूट काढत नाही."