तानाबाईचा डबा

"तू काय कालवतं वं तिच्या जेवणात?"

भगवानरावांनी भर वॉर्डात सुनेला विचारलं. पंचफुला डबा धरून उभीच राहिली. पलंगावर तिची सासू, तानाबाई, छताकडे बघत बडबडत होती, "वाढ वं लवकर. मालक वावरातून आले."

म्हातारी ताप घेऊन यवतमाळच्या दवाखान्यात आली. ताप उतरला आणि डोकं फिरलं. दवाखान्याचं जेवण तिला चालत नव्हतं, म्हणून पंचफुला यवतमाळातच मावशीकडे राहून रोज चटणी-भाकर आणी. सकाळी ठेवून गेलेला डबा संध्याकाळी रिकामा परत जाई, तरी म्हातारी खंगतच चाललेली. सासू-सुनेचं विळ्याभोपळ्याचं सख्य घरात सर्वांना ठाऊक. संशय दुसऱ्या कोणावर जाणार?

"हिचं बरंवाईट झालं, त माह्या उंबरठ्यात पाय ठेवू नको."

पंचफुला घाबरली. माहेरी तिचं आता कोणी उरलं नव्हतं.

भगवानरावांना उलट बोलायची सोय नव्हती. बायको पायी चालत घरी येईस्तोवर अन्नाला शिवणार नाही, असा नेमच त्यांनी कळंबच्या चिंतामणीला बोलला होता. तिच्या उशाशी बसून ते नुसत्या चहावर दिवस काढत. नवरा असावा तर असा, असं अख्खा वॉर्ड म्हणे.

डॉक्टर आले. त्यांनी म्हातारीची जीभ पाहिली, हाताची कातडी चिमटीत धरून पाहिली.

"विषबिष काही नाही. यांच्या पोटात अन्नच नाही. या वयात उपास घडला की माणूस असंच भ्रमतं. असंच चाललं तर वाचायच्या नाहीत."

"पण डबा त रोज रिकामा येते जी," पंचफुला म्हणाली.

डॉक्टरांनी भगवानरावांकडे पाहिलं. मग साऱ्या वॉर्डानंच पाहिलं.

"मी शिवलो बी नाही," भगवानराव म्हणाले. "तिच्या जेवणाच्या टायमाले मी बाहीर जातो. वासानं नेम मोडन म्हणून."

कोणाचाच विश्वास बसला नाही. पंचफुलाचाही नाही, आणि त्याची तिला लाज वाटली.

तानाबाईला सलाईन लावलं. दुपारून तिनं सुनेला नावानं हाक मारली, पाणी मागितलं. नर्सबाई चादर बदलायला आल्या, त्यांनी गादी उचलली. खाली भाकरीच भाकरी, वाळून कडक झालेल्या.

पंचफुलाला रडू कोसळलं. "माह्या हातचं एवढं नकोसं झालं काय, आत्याबाई?"

"तसं नाही वं. तुह्या हातचं त घरी रोजच खातो." तानाबाईनं उशाशी बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. नजर अगदी साफ होती.

"हे कुठी जेवले अजून? ह्यायच्या आधी मी कधी घास घेतला काय?"