तपासायचा बिंदू

सरांनी फळ्यावर y > |x| लिहून त्याचा व्ही आकाराचा आलेख काढला, कोणती बाजू रंगवायची ते तपासायला नेहमीचा शून्य-शून्य बिंदू घेतला, तो असमानतेत बसेना, म्हणून व्हीच्या बाहेरची बाजू खडूनं रंगवली.

“सर, तो बिंदू व्हीच्या टोकावरच आहे. त्यावरून बाजू कशी कळणार? शून्य-दोन घ्या ना,” मी म्हणाले.

“बावीस वर्षं शिकवतोय मी. मला अक्कल शिकवतेस? हो बाहेर!”

मी दाराबाहेर धुमसत उभी राहिले. सरांनी पाठ फिरवून वहीत आकडेमोड केली, गुपचूप फळा पुसला आणि व्हीची आतली बाजू रंगवली. “घ्या लिहून,” म्हणाले.

सगळ्यांनी मुकाट्यानं लिहायला घेतलं. माझं डोकंच फिरलं. न विचारता आत शिरले.

“सर, कोणता बिंदू घेतलात, तेही लिहा की फळ्यावर!”