लिंबावरच्या अळ्या

सून नामशेष होत चाललेली फुलपाखरं वाचवायचं काम करते. प्रयोगशाळेचं छत गळायला लागलं, तेव्हा तिनं उरल्यासुरल्या अळ्या घरी आणल्या आणि सासूबाईंची मनधरणी करून गॅलरीतल्या त्यांच्या लाडक्या लिंबावर ठेवल्या.

"थोडेच दिवस हं," सासूबाई कुरकुरल्या. "नाहीतर मी झटकून टाकीन."

एका संध्याकाळी सून कामावरून आली, तर लिंबाचा नुसता खराटा झाला होता आणि अळी एकही दिसत नव्हती.

"आई, अळ्या कुठायत?"

सासूबाईंनी आधी गॅलरीचं दार लावून घेतलं.

 

"हळू बोल. इथलं सगळं फस्त झालं, मग लेकरांना उपाशी कसं ठेवायचं? शेजारणीच्या लिंबावर बसवलीयत जेवायला."