सोफ्याचं भोक

मोतीबिंदूमुळे सासऱ्यांना धड दिसेनासं झालं, पण ऑपरेशनचं नाव काढलं की ते ताटावरून उठायचे. उलट मलाच बजावलं, "सूनबाई, घरातली एक वस्तू जागची हलवायची नाही. मी अंदाजाने चालतो."

तेव्हापासून आमचा हॉल जसाच्या तसा. बसका झालेला सोफा तिथेच, डुगडुगणारा टीपॉय तिथेच. रंगारी दोनदा येऊन भिंतींवर हात फिरवून गेला. सामान सरकवायचं नाही म्हटल्यावर पुन्हा फिरकलाच नाही. सोफ्याच्या हातावरचं कापड फाटून भोक पडलं, तर तेही मला शिवू देईनात. "असू दे गं. त्यात बोट गेलं की मला माझी जागा कळते." नणंद आली की हॉलभर नजर फिरवायची आणि वडिलांजवळ जाऊन बसायची. मलाही कारणं सांगायचा कंटाळा आलेला.

शेवटी नवऱ्यानं त्यांना कसंबसं राजी केलं आणि ऑपरेशन झालं. काल पट्टी निघाली. घरी आल्यावर सासरे हॉलच्या मधोमध उभे राहून बराच वेळ चारी भिंती न्याहाळत होते. मग सोफ्यावर बसून त्यांनी लेकीला फोन लावला. मी पाणी घेऊन गेले, तेव्हा सवयीनं त्यांचं बोट त्या भोकातच होतं.

"अगं, सगळं लख्ख दिसतंय. तू म्हणायचीस ते खरंय, तुझ्या वहिनीला घर सजवायची हौसच नाही."