अर्थिंगचा खड्डा

दुकानातल्या फ्रिजचा शॉक बसून श्रीधरशेठ गेले, तेव्हा कुठे पोलादपूरच्या आमच्या कॉम्प्लेक्समध्ये अर्थिंग तपासायला वायरमन आला. सगळ्या दुकानांच्या वायरी ठीक निघाल्या. शेवटी त्याने मागचा अर्थिंगचा खड्डा उघडला. आतली माती पार वाळून गेली होती.

"माती ओली असली तरच करंट जमिनीत उतरतो. हितं पाणी कोण घालायचं?"

"मुद्दाम कोणीच नाही," शेठच्या पत्नी कालिंदीवहिनी म्हणाल्या. "डोंगरातल्या वाडीवरची जनी दूध घालून झालं की रोज इथेच किटल्या विसळायची."

"मग आता येत नाय?"

 

वहिनींनी बंद शटरकडे पाहिलं. "दिवाळीत यांनीच तिला हाकललं. यांना चिखल खपायचा नाही."